शिळ्या पाण्याची माया

मित्रांनो, मी अडेनियम. वारज्यातल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत माझं बस्तान आहे. लोक मला वाळवंटातला गुलाब म्हणतात. गुलाबाचं नि माझं लांबचंही नातं नाही. पण नाव भारदस्त असल्याशिवाय पुण्यात रोप खपत नाही. माझा बुंधा फुगीर आहे. त्यात मी पाणी साठवतो आणि त्यावर महिनाभर सहज काढतो.

शरच्चंद्र निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी मला स्वारगेटजवळच्या रोपवाल्याकडून आणलं, स्वतःच्या हातानं कुंडीत लावलं आणि उन्हाळ्यात फूल येईल असं बायकोला, मंदाकिनीबाईंना, सांगितलं. दिवाळीनंतर ते अचानक गेले. बाईंना मग एकच ध्यास लागला. त्यांच्या हातचं हे शेवटचं झाड, त्याला फूल आलेलं बघायचं.

त्यांनी माया केली, अगदी पुणेरी पद्धतीनं. सकाळी नळाला पाणी आलं, की कालचं भरलेलं पाणी 'शिळं' होतं. रात्री गोड लागणारं पाणी सकाळी सातला शिळं कसं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. ते मोरीत ओतायला जीव होत नाही, म्हणून झाडांना. ऐन थंडीत मला रोज तांब्याभर पाणी! माझी पानं पिवळी पडली. बाईंना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी दोन तांबे सुरू केले आणि मी खालून कुजू लागलो.

एवढं पाणी खालच्या सोजरबाईंच्या वाळत घातलेल्या धुण्यावर ठिबकायचं. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी या सोजरबाईंच्या सासऱ्यांची होती. त्या भांडायला म्हणून वर आल्या. मला बघून भांडण विसरल्या. बोटानं माझा बुंधा दाबला, तर तो पिकल्या केळ्यासारखा मऊ.

"बाई, झाड बुडून मरतंय की वो."

"अहो, शिळंच तर पाणी घालते मी."

"पानी काय भाकर हाय व्हय शिळं व्हायला?"

मग त्यांनी मला उपटलं, विळीवर कुजका भाग पांढरं दिसेपर्यंत कापला, वर हळद चोपडली आणि पंधरा दिवस सावलीत कागदावर नुसतं ठेवायला सांगितलं. पाण्याचा थेंबही नाही. बाईंना ते बघवेना. त्या दोनदा तांब्या घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. ते पंधरा दिवस माझ्यापेक्षा त्यांनाच जड गेले. त्यानंतर वाळू-मुरमात मला पुन्हा लावलं.

चैत्रात मला कळी आली. फूल उमललं तेव्हा बाई बराच वेळ गॅलरीत उभ्या होत्या. मला वाटलं, आता सगळ्या सोसायटीला बोलावतील. त्या आत गेल्या आणि शरच्चंद्रांच्या फोटोला म्हणाल्या, "तुमच्या झाडाला फूल आलंय. मी त्याला मारलंच होतं."

मित्रांनो, त्या खोटं बोलल्या नाहीत. तरी मला त्यांचा राग येत नाही. एवढ्या मायेनं मला कुणी मारायला निघालं नव्हतं. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल, तर ओतण्याआधी बोट लावून बघा. माती ओली असेल, तर तांब्या खाली ठेवा.