फोटो क्रमांक एक्केचाळीस

"तुमी मेल्याला माणूस नाचायला लावला, साहेब."

उत्तमराव भिंगारदिवे हे बोलले तेव्हा दालनाची फीत कापून तासही झाला नव्हता. नगरातल्या नव्या युद्धस्मृती दालनाचे प्रमुख असलेले साहेब पेढे वाटत फिरत होते. त्यांनी बॉक्स पुढं केला.

"काका, आधी तोंड गोड करा. काय झालं?"

"पेढा राहू द्या. येक्केचाळीस नंबरचा फोटो बघा."

बघायला मान वळवायचीही गरज नव्हती. तो फोटो दारासमोरच्या भिंतीवर होता, दारापेक्षा मोठा केलेला. पोटावर पडलेलं, मागून पेटलेलं विमान. त्याच्या अगदी जवळ पोचलेला एक जवान, मान मागं वळवलेली, दोन्ही हात वर, तोंड उघडं. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : 'शत्रूचे विमान पाडल्यानंतर जल्लोष करणारा भारतीय जवान, डिसेंबर १९७१.' त्याच्याखाली बारीक अक्षरांत : 'विमानाची ओळख पटवणारे : निवृत्त सार्जंट उत्तमराव भिंगारदिवे, मिरजगाव.'

विमान आपलं होतं. जवान बन्सी पालवे होता, पाथर्डीचा. आणि जल्लोष कुणीच करत नव्हतं.

कुणा जुन्या अधिकाऱ्याच्या ट्रंकेत त्र्याऐंशी फोटो सापडले होते, एकाच्याही मागं अक्षर नाही. यातली विमानं कोणती हे सांगायला माणूस पाहिजे म्हणून याच साहेबांनी उत्तमरावांना गाडी पाठवली होती. पहिल्या दिवशी गाडी, नंतर एस.टी. तीन महिने ते मिरजगावहून येत राहिले, भिंग घेऊन बसत राहिले. पुस्तकं वाचून विमान ओळखणारे पुष्कळ असतात. हवाई दलात फिटर असलेल्या उत्तमरावांनी विमान खालून पाहिलं होतं, पोटाखाली आडवं पडून, तोंडावर तेल ठिबकत असताना. फोटो कितीही पुसट असो, चाकाच्या झाकणाचा कोपरा दिसला तरी ते जात सांगत.

एक्केचाळीस नंबरचा फोटो हातात आला त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. कागदावर लिहिलं ते असं : 'शेपटाला भोक एक, म्हणजे इंजिन एक. शत्रूच्या अशाच दिसणाऱ्या विमानाला इंजिनं दोन, भोकं दोन. याच्या पाठीवरून दोन लांब नळ्या गेल्यात. आपलं सुखोई-सात. मार खाऊन परत आलं, चाक उघडलं नाही. माणूस बन्सी पालवे, फिटर. वैमानिकाला काढायला पळाला. हात वर केलेत ते बंबवाल्यांना बोलवायला. टाकी फुटली. दोघं गेले. मी पन्नास पावलं मागं होतो.'

साहेबांनी त्यांना खांबाआड घेतलं. "काका, तुमचा कागद मी वाचलाय. पण वरून सांगणं आलं. दारातच आपलं विमान जळताना दाखवायचं? शाळांच्या सहली येणार. पोरांना काय वाटेल?"

"खरं हाय ते वाटंल."

"आणि सही तुमचीच आहे ना?" साहेबांनी तिथल्या टेबलावरची फाईल उघडून समोर धरली. छापील मजकूर, खाली उत्तमरावांची वळणदार सही.

सही खरीच त्यांची होती. हवाई दलात फिटरनं सही केल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. पंचवीस वर्षांत त्यांनी न बघता सही केली नव्हती. अधिकारी अंगावर आले तरी नाही. आणि इथं मात्र ऑफिसातल्या अश्विनीनं म्हटलं, "काका, टाईप व्हायला वेळ लागंल. सह्यांसाठी परत कशाला हेलपाटा घालताय?" म्हणून त्यांनी त्र्याऐंशी कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, एका बैठकीत, चहा पीत. पोरीच्या मनात काही नव्हतं. ज्यांच्या मनात होतं त्यांच्या हातात मात्र कागद गेले.

"आपल्या माणसांत कोण आधी बघून सही करतं?" एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात मागून हाक आली. "दादा, कुठला त्यो? मला दावा तरी."

बन्सीची धाकटी बहीण, राहीबाई. उत्तमरावांनीच तिला फोन करून बोलावलं होतं. जीपनं पाथर्डीहून आली होती, पदरात शेवंतीचा हार. बन्सी गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घरी कागद आला त्यात 'कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू' एवढंच. गावानं ठरवून टाकलं की पोरगं कुठल्यातरी गाडीखाली आलं. उत्तमरावांनी रजेवर जाऊन खरं सांगितलं, तर लोक म्हणाले, दोस्त हाय, दोस्तासारखंच बोलणार. बाप ते ऐकत ऐकत मेला. आता फोटोच येणार होता, नावानिशी. पाथर्डीतल्या दहा जणांना ती सांगून आली होती.

ती फोटोसमोर उभी राहिली. भावाला ओळखायला तिला भिंग लागलं नाही.

"बन्सीच हाय," ती म्हणाली. "खाली काय लिवलंय, दादा? वाचा की."

राहीबाईला अक्षर येत नव्हतं. उत्तमरावांना भिंतीकडं बघत आपल्या कागदावरचं पाठ म्हणता आलं असतं. ती समाधानानं हार घालून गेली असती, पाथर्डीत ताठ मानेनं उतरली असती. पण मग साहेबांत आणि त्यांच्यात फरक काय उरला असता? त्यांनी चष्मा लावला आणि जसं होतं तसं वाचलं, आपल्या नावासकट.

"जल्लोष म्हंजी?"

"आनंदानं नाचनं."

"अन् हे तुमी लिवलंय?"

"न्हाई. पन सही माझी हाय. कोऱ्यावर केली मी."

राहीबाई त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांनी मान खाली घातली नाही. मग तिनं पदरातला हार तसाच घट्ट धरला आणि साहेबांकडं वळली.

"साहेब, जरा हिकडं या."

साहेब आले. पाहुणे बघत होते, यावंच लागलं. फोटो एवढा मोठा होता की बन्सीचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं होतं.

"मला वाचता येत न्हाई. तुमी शिकल्यालं. ह्या तोंडाकडं बगा अन् सांगा, माझा भाऊ हसतोय का वरडतोय?"

साहेबांनी मोबाईल काढला, परत खिशात ठेवला. "आजी, मी वर विचारतो. पत्र लिहितो, मग आपण..."

"वर कशाला इचारता? फोटू हितं हाय, तुमी हितं हाय," राहीबाई म्हणाली. "हसतोय का वरडतोय, तेवडं सांगा."