स्क्रूमागे कोंडलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, रस्त्यांचा. भिंतीवर टांगतात तसला नव्हे हं! त्यांना काय, खिळ्याला लटकायचं आणि दिवसभर पंख्याची हवा खायची. मी आठ घड्यांचा, कामाचा नकाशा. माझ्या अंगावर चहाचे डाग आहेत, एका कोपऱ्यावर ग्रीसचं बोट उमटलंय, आणि त्यांची मला जराही लाज वाटत नाही. पण मित्रांनो, एवढे सगळे रस्ते अंगावर असूनही मी सहा वर्षं एका वीतभर कप्प्यात कोंडून पडलो होतो. त्याचीच ही हकिकत.

छापखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. शाईचा वास आणि घड्या घालणाऱ्या यंत्राचा खटखटाट, एवढंच. माझा खरा जन्म झाला तो मालकांच्या स्वयंपाकघरात. मालक टेंपो चालवायचे, लांब पल्ल्याचा माल न्यायचे. एका पंपावरच्या टपरीतून त्यांनी मला विकत घेतलं आणि घरी येऊन टेबलावर पसरलं. मालकीणबाईंनी माझ्या चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चमच्यांचा स्टँड, किसणी आणि लाटणं ठेवलं. लाटणं घरंगळलं, तेव्हा त्याच्या जागी मालकांना हात ठेवायला लावला.

बाईंची एक पद्धत होती. त्यांच्याकडे एक जाड पांढरा दोरा होता, त्याला गाठी मारलेल्या होत्या. भरलेला टेंपो एका लिटरमध्ये दहा किलोमीटर जायचा. म्हणून पन्नास किलोमीटरला एक गाठ आणि एका गाठीला पाच लिटर डिझेल. रस्ता वाकेल तसा त्या दोरा वाकवत न्यायच्या, गाठी मोजायच्या, आणि घाट आला की एक गाठ जास्तीची धरायच्या. किती डिझेल, कुठल्या पंपावर, कोणता रस्ता लांब पण सपाट, सगळं पेन्सिलीने माझ्या अंगावर. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी हूं की चूं करायचो नाही.

मालकांना एकच वाईट खोड होती. "पुढे भरू," म्हणायचे. राज्याची हद्द ओलांडली की डिझेल थोडं स्वस्त मिळायचं, म्हणून टाकी तळाला जाईपर्यंत ताणायचे. बाई बरोबर असल्या की डोळे वटारायच्या, "अहो, ते काही नाही. इथेच भरा." मग मालक पुटपुटत पंपावर वळायचे. बाई नसल्या की मी कप्प्यातून बाहेर यायचो आणि पेन्सिलीतल्या बाई त्यांना तेच सांगायच्या. मला केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग बाई आजारी पडल्या आणि पंधरवड्यात गेल्या.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मालक एकटेच टेंपोत येऊन बसले. त्यांनी मला उघडलं. बाईंच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग दोऱ्यासकट माझी घडी घातली, मला डॅशबोर्डच्या कप्प्यात सारलं, झाकण लावलं, आणि मला कर्र कर्र असा आवाज ऐकू आला. ते झाकणाला स्क्रू मारत होते! मी मनात म्हटलं, अहो, मी आत आहे! पण कागदाचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीने विचारलं, "बाबा, हा कप्पा का उघडत नाही?"

"बिघडलाय," मालक म्हणाले.

खोटं! साफ खोटं! पण मी आतून काय करणार?

ती सहा वर्षं कशी गेली ते माझं मला माहीत. उन्हाळ्यात इंजिनची धग, पावसाळ्यात ओल. कुठे चाललोय ते कळायचं नाही. ज्याच्या अंगावर सगळे रस्ते, त्यालाच आपण कोणत्या रस्त्यावर आहोत ते ठाऊक नसावं, यासारखा जाच नाही. त्यात झाकणाच्या बरोबर वर लेकीने मोबाइल अडकवला. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," तो दिवसभर बोलायचा आणि सगळे त्याचं ऐकायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे मालकांची नजर अधू झाली. मोतीबिंदू काढला तरी समोरचं धूसरच दिसायचं. आता टेंपो लेक चालवू लागली. तिच्या काकांना ते पटलं नव्हतं. टेंपोत त्यांचाही पैसा होता, आणि त्यांनी टेंपोला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी ते खिडकीशी येऊन म्हणाले, "ही एक खेप कर. नीट झाली तर टेंपो तुझा. नाही झाली तर परवा तो माणूस चावी न्यायला येईल, मग रडायचं नाही."

खेप होती कलमांची. पिशव्यांत लावलेली आठशे रोपं, दुपारी दोनच्या आत एका बागायतदाराकडे पोहोचवायची. सुकलेलं रोप तो घेणार नव्हता. लेकीने आदल्या दिवशी मोबाइलवर रस्ता पाहिला, डिझेलचा अंदाज काढला आणि घाटाच्या अलीकडच्या मोठ्या पंपावर टाकी भरायची असं ठरवलं. हुशार आहे पोरगी, आईवर गेलीय.

पण तो पंप आला, तेव्हा मालक बाजूच्या सीटवरून काय म्हणाले, ओळखा बरं?

"इथे महाग आहे गं. पुढे भरू."

मी आतल्या आत ओरडलो. लेक जरा घुटमळली, पण तीस वर्षं गाडी चालवलेल्या बापाचा शब्द! ती पुढे निघाली. वाटेत एक पूल बंद होता, लांबचा वळसा पडला, आणि घाटाच्या पायथ्याशी काटा तांबड्यात गेला. दिवा लागला. मोबाइलने "रेंज नाही" म्हणून तोंड मिटलं. खरं सांगतो, क्षणभर मला आनंद झाला. मग मागच्या आठशे रोपांची आठवण झाली आणि माझी मलाच लाज वाटली.

लेकीने टेंपो कडेला घेतला. अकरा वाजले होते, ऊन रणरणत होतं.

"बाबा, घाट चढणार नाही. मागचा पंप चाळीस किलोमीटर मागे राहिला. आईचा नकाशा होता ना, तो कुठाय?"

"कप्प्यात."

"आणि कप्पा बिघडलाय!" ती चिडून म्हणाली. पाण्याची शेवटची बाटली घेऊन ती मागे रोपांवर शिंपडायला गेली.

मालक आणि मी, दोघेच उरलो. त्यांचा गुडघा झाकणाला टेकलेला होता. त्यांच्या बोलण्यावरून मी ओळखलं होतं, मला सगळं माहीत होतं मित्रांनो! ती जागा, ते वळण, बाईंनी काढलेलं वर्तुळ. दोन बोटांवर उत्तर होतं आणि मध्ये एक स्क्रू. जन्मात कधी इतकं कोंडल्यासारखं झालं नव्हतं.

"आता काय करू गं?" मालक हळूच म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

मग त्यांनी खिशातून एक नाणं काढलं. झाकण चाचपलं, स्क्रूची खाच बोटाने शोधली आणि नाणं तीत बसवलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा कर्र आवाज आला, आणि सहा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

लेक परत आली तेव्हा मी त्यांच्या मांडीवर होतो.

"अय्या! कप्पा उघडला? इतका घट्ट स्क्रू कोणी मारला होता?"

"मीच," मालक म्हणाले. "तिचं अक्षर बघवत नव्हतं. आता बघायचं म्हटलं तरी दिसत नाही. तू वाच."

लेकीने मला स्टिअरिंगवर पसरलं. तिचं बोट मागच्या मोठ्या पंपाशी थांबलं आणि ती वाचू लागली, "'इथेच टाकी भरणे. हे म्हणतील पुढे भरू. ऐकायचं नाही.'"

मालकांनी मान खाली घातली.

"थांबा बाबा, खाली अजून आहे. 'आणि ऐकलंच नाही माझं, तर घाटाआधी देवळापासून डावीकडे कच्चा रस्ता. आत दगडखाणीचा पंप आहे. महाग पडेल. हुज्जत घालू नये.'"

शेवटचं वाक्य ऐकून मालक हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि लेकीचेही.

देऊळ समोरच दिसत होतं. लेकीने दोरा लावून पाहिला. गाठीच्या आठव्या हिश्श्याइतकंही अंतर नव्हतं. तरी सहा वर्षांत तो पंप बंद पडला असेल तर? कच्च्या रस्त्यावर टेंपो हेंदकाळत चालला, इंजिनने दोनदा आचका दिला, आणि खाणीच्या फाटकाजवळची डिझेलची टाकी दिसली. पंप चालू होता! खाणीच्या मुकादमाने भाव सांगितला. मालकांनी तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं, आणि मिटलं.

पावणेदोनला रोपं उतरली. सात सुकली होती, बाकी सगळी टवटवीत. टेंपो लेकीचा झाला.

तो स्क्रू मालकांनी खाणीतच टाकून दिला. त्याच्यावाचून झाकण आता खडखडतं, म्हणून लेकीने ते दोरीने बांधलंय, एका ओढीत सुटेल अशा सरकगाठीने. प्रत्येक खेपेआधी मी पुन्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरतो. दोऱ्याचं एक टोक मालक धरतात. मोबाइलही शेजारी असतो, आमचं बरं जमतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, बघवत नाही म्हणून आत ठेवलेलं. रोज काढू नका हवं तर. पण त्याला स्क्रू मारू नका. आत कोणीतरी तुमच्यासाठी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं.

कालच्या खेपेला तोच मोठा पंप आला. मालक म्हणाले, "पुढे..."

लेकीने दोरी ओढली, मला उघडलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली.

"बरं बाई," मालक म्हणाले, "भर इथेच." ते बाई कोणाला म्हणाले, ते मला चांगलं ठाऊक आहे.