न विरलेली चिंधी

मित्रांनो, मी एक जुनी चिंधी आहे. चिंधी म्हटले की तुम्ही नाक मुरडाल. फरशी पुसायची, सायकलची साखळी पुसायची आणि शेवटी कचऱ्यात जायचे, एवढेच चिंधीचे आयुष्य तुम्ही पाहिलेले असणार. पण मला एका बाईने देवाच्या कामासाठी कापले होते. काम एकच होते आणि तेही इतके सोपे, की कुठलेही सुती फडके ते झोपेतसुद्धा करील. मला फक्त विरायचे होते. ऊन, पाऊस, वारा खात हळूहळू नाहीसे व्हायचे होते. ते मला जमले नाही.

माझा जन्म कापसाच्या बोंडात झाला नाही, की रेशमाच्या कोशात झाला नाही. जमिनीखालच्या तेलापासून, एका अवाढव्य यंत्रात, तापलेल्या रसाच्या तारा ओढून मला काढले. पण रूप होते हो! समुद्राच्या पाण्यासारखा हिरवा रंग आणि अंगावर अशी चमक, की हात फिरवणारा हमखास म्हणे, "वा, रेशीम आहे!" मी ते ऐकून फुगून जात असे. त्या वेळी मी चिंधी नव्हते. एका लांब गाऊनचा काठ होते, आणि इंग्लंडमधल्या पेन्झन्स गावच्या एका दुकानात टांगलेली होते. तिथून सेनारा नावाच्या मुलीने मला घरी नेले.

सेनारा आणि तिची आई लव्हडे तिथेच, कॉर्नवॉल प्रांताच्या टोकाला, समुद्राकाठच्या एका गावात राहत. दोघीच. लव्हडे पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजण्याच्या दुकानात कामाला होती. पेस्टीच्या कडेला तिच्यासारखी मुरड गावात दुसऱ्या कुणाची पडत नसे. तिच्या लहानपणी तिचे वडील चॅपेलमध्ये, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चमध्ये, उपदेश करत, आणि घरातही करत. त्या घरातला देव सतत बोट उगारून बसलेला असे. लव्हडेची आई अंथरुणाला खिळली तेव्हा चॅपेलच्या बायका येऊन सांगून गेल्या, की हे दुखणे कुठल्यातरी पापाचेच असणार. त्या दिवसापासून लव्हडेने चॅपेलची पायरी चढली नाही.

पुढे कित्येक वर्षे तिला देवच नव्हता. मग एका वसंतात, कामावरून माळावरच्या वाटेने परतताना ती पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाखाली बसली आणि उगाचच रडली. आपले रडणे कुणीतरी ऐकून घेतले, असे तिला वाटले. बोट न उगारता ऐकून घेतले. त्या ऐकणारीला ती देवी म्हणू लागली, आणि तिथून तिची वाट सुरू झाली. ऋतू बदलला की ती जमिनीवर दूध ओती, सुगीला पहिल्या पिठाचा पाव झाडाखाली ठेवी. निसर्गाला असे मानणाऱ्या लोकांची मंडळे तिकडे पुष्कळ आहेत. एकदा ती तशा एका मंडळात गेलीही. पण पूजेच्या पाण्याचा वाडगा कुणी धरायचा यावरून तिथे दोन बायकांची जुंपली, तशी ती घरी परतली आणि सेनाराला म्हणाली, "तेही चॅपेलच गं. फक्त छप्पर नाही."

सेनाराचा कशावरच विश्वास नव्हता. आईची चेष्टा करण्याची संधी ती सोडत नसे. मी तिच्या अंगावर असायचे, त्यामुळे हे सगळे माझ्या समोरच चाले.

"आई, आज दूध कुणाला? चंद्राचा वाढदिवस का?"

"हस, हस. तुझ्या आजोबांच्या देवाला अशी हसली असतीस ना, तर कानाखाली खाल्ली असतीस. माझी देवी रागवत नाही."

"रागवत नाही, की ऐकतच नाही?"

"ऐकते. आपण हळू बोलायचं, एवढंच."

मग दोघी हसत. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. आपण सुखात आहोत हे मला तेव्हा कळले नाही.

मग सेनाराच्या अंगावर निळे डाग उठू लागले. कुठे काही लागलेले नसताना दंडावर, पोटरीवर डाग. हिरड्यांतून रक्त येऊ लागले. जिना चढताना ती मध्येच बसायची. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले, की दुखणे रक्तातच आहे. औषधे सुरू झाली, केस गेले, आणि सेनारा दिवसचे दिवस मला अंगावर घालून पडून राहू लागली.

गावापासून थोड्या अंतरावर, दलदलीतल्या झाडीत, एक जुना झरा आहे. त्याच्यावर हॉथॉर्नचे एक वाकडे झाड आहे. दुखणेकरी माणसाच्या अंगावरच्या कपड्याची पट्टी फाडायची, झऱ्यात बुडवायची, सूर्य फिरतो त्या दिशेने झऱ्याला वळसा घालायचा आणि पट्टी झाडाला बांधायची. कापड विरत जाईल तसे दुखणे विरत जाते. तिथली माणसे हे पिढ्यान्पिढ्या करत आली आहेत. चॅपेलला जाणारीसुद्धा गुपचूप करतात.

लव्हडेने कात्री घेतली. कपाटात सेनाराचे सुती सदरे होते, लोकरीचे मोजे होते. त्यांतले काहीही चालले असते. पण तिला वाटले, देवीला द्यायचे तर लेकीच्या अंगावरचे सगळ्यात चांगले द्यावे. रेशीम द्यावे. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि मला कापले. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडले असते, "बाई, मी रेशीम नाही! तो मोजा घे!" पण आयुष्यभर मी रेशीम म्हणवून घेतले होते. आता कोण ऐकणार?

झाडावर माझे शेजारी पुष्कळ होते. कुणा म्हाताऱ्याचा सुती रुमाल, कुणा बाळाच्या लोकरीच्या टोपीचा तुकडा, एक जुनी तागाची पट्टी. पाऊस त्यांना भिजवी, ऊन त्यांना कुरतडी. रुमाल आधी पांढरा पडला, मग जाळीदार झाला आणि एका वादळात निघूनही गेला. त्या म्हाताऱ्याचे गुडघे बरे झाले की नाही, मला माहीत नाही. पण रुमालाने त्याचे काम केले. मी मात्र जशीच्या तशी. पाऊस माझ्यावरून घसरून जाई. फिरायला येणारे लोक बाकीच्या चिंध्या सोडून माझाच फोटो काढत आणि म्हणत, "ही हिरवी किती छान चमकते!" त्या कौतुकाने माझा जीव नकोसा होई.

लव्हडे सारखी येत राहिली. आली की आधी मला बोटांत धरून चाचपी. एखादा धागा तरी सुटलाय का, रंग तरी उडालाय का, हे बघे. काहीच झालेले नसे. सुरुवातीला ती झाडाशी बोलायची. नंतर झाडाची माफी मागू लागली.

"माझ्यातच काहीतरी कमी आहे का?" ती एकदा म्हणाली. "मी चॅपेलमधली मुलगी म्हणून मला परकी समजतेस का? सांग ना. मी अजून काय करू?"

मित्रांनो, त्या बाईत काहीही कमी नव्हते. कमी माझ्यात होते. ती आपल्या श्रद्धेला दोष देत होती आणि मी तिच्या बोटांत चमकत होते.

उन्हाळा सरता सरता झऱ्याची साफसफाई करणारी मंडळी आली. त्यांत पेरान नावाचा एक म्हातारा होता, लव्हडेच्या ओळखीचा, तिच्याच वाटेवरचा. तो प्रत्येक चिंधीच्या टोकाला लायटर लावून बघत होता. सुती टोक जळून राख होई. माझे टोक वितळले आणि त्याची काळी गुठळी झाली. लव्हडे नेमकी तेव्हाच पायवाटेने येत होती.

"हे बघा, प्लॅस्टिक!" पेरान कडाडला. "म्हणे निसर्गाची पूजा! आणि झाडाच्याच गळ्याला प्लॅस्टिकचा फास. गाठीच्या पुढची फांदी पार वाळलीय. कुठल्या शहाण्याची ही चिंधी?"

"माझी," लव्हडे म्हणाली.

पेरानचा चेहरा उतरला. "अगं लव्हडे... मला वाटलं, कुणा फिरायला आलेल्याची असेल."

"रेशीम आहे ते."

"नाही गं बाई."

"मग ही विरणार कधी?"

"तू आणि मी गेल्यावरही ही इथं असेल," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता त्याने लांब दांड्याची कात्री उचलली. "सरक बाजूला, मी काढतो. हात लावू नकोस. दुसऱ्याची चिंधी जो हातानं सोडवतो त्याला ते दुखणं चिकटतं, ठाऊक आहे ना तुला?"

तिला ते लहानपणापासून ठाऊक होते. पण त्या क्षणापर्यंत तिने त्याचा असा विचार केला नव्हता. तिचा चेहरा एकदम उजळला. कित्येक महिन्यांत मी तिला आनंदात पाहिले नव्हते. आता पाहिले, आणि मला तो आनंद बघवला नाही.

ती काट्यांत घुसली. पेरान ओरडत होता, "लव्हडे, वेडी झालीस का? थांब!" ती थांबली नाही. माझी गाठ सालीत रुतलेली होती. तिने ती नखांनी उचकटली, मग दातांनी ओढली. हात रक्ताळले. सुटल्यावर तिने मला स्वतःच्या मनगटाला बांधले आणि पक्की गाठ मारली.

"आता ये," ती म्हणाली. "माझ्याकडे ये."

त्याच मनगटावर बसून मी रुग्णालयात गेले. सेनाराने मला लगेच ओळखले. "हा माझ्या गाऊनचा काठ ना? का गं, देवीनं परत पाठवला?"

लव्हडेने सगळे सांगितले. सेनारा छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तुझी देवी कापडाचा पोत बघून माणसं वाचवते?"

"तसं नाही गं राणी..."

"मग कसं? मी चेष्टा करत नाहीये आता. मला भीती वाटतेय, म्हणून विचारतेय. कुणी आहे का तिथं?"

इतकी वर्षे जे लव्हडेला झाडाखाली, पावसात, पावाच्या पिठात स्पष्ट जाणवत होते, ते त्या पांढऱ्या खोलीत तिला कुठेच सापडेना. ती नुसती लेकीचे पाय चोळत राहिली.

"ते सोड मनगटावरून," सेनारा म्हणाली.

"नाही."

"सोड म्हणते ना! तू आजारी पडलीस तर मला पाणी कोण देईल?"

"तू उठशील आणि मला देशील," लव्हडे म्हणाली.

सेनारा हसली. त्यानंतर मी तिला हसताना ऐकले नाही. पानगळ सुरू झाली आणि एका सकाळी ती गेली. लव्हडेचा हात तिच्या हाताखालीच होता आणि मी दोघींच्या मध्ये होते. सेनाराचे बोट माझ्यावर गार पडले.

आता खरे सांगते, मित्रांनो. मला वाटले होते, निदान आता तरी ते दुखणे अंगावर घेण्याची लव्हडेची इच्छा पुरी होईल. तिलाही तसेच वाटत होते. रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहून दंडावर निळे डाग शोधते. बोटाने हिरड्या दाबून बघते. रक्त येत नाही. हिवाळ्यात दुकानातले सगळे तापाने आडवे झाले, ही एकटी उभी होती. भट्टीवर हात भाजला, तोही चटकन भरून आला. तिला भूक लागते, आणि भूक लागली की ती लाजेने खाली मान घालते.

चॅपेलच्या बायका दारात येऊन गेल्या. परत ये म्हणाल्या. तिने दार लावून घेतले. पेरानही आला, बगलेत पाव घेऊन.

"लव्हडे, तिचं दुखणं रक्तात होतं गं. चिंधी सुती असती तरी..."

"तरी काय?"

"तरी हेच झालं असतं."

"मग सांगा, पेरान, मी झऱ्यावर कशाला जात होते?"

"आपण झाडाकडे मागायला जात नाही, बाई. झाड आपलं काही देणं लागत नाही. आपण नुसतं सोबत बसायला जातो."

"मला सोबत नको होती," लव्हडे म्हणाली. "मला माझी मुलगी हवी होती."

पेरानने पाव टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला. तो पाव तसाच वाळला. त्यानंतर लव्हडेने ना जमिनीवर दूध ओतले, ना माळावरची वाट धरली. कामावरून येते ती पक्क्या सडकेने, मान खाली घालून. हॉथॉर्न फुलला होता म्हणे. तिने पाहिला नाही.

मित्रांनो, झाडाला काही बांधावेसे वाटले तर विरणारे बांधा. अंगावरचा सुती तुकडा बांधा, आणि तोही सैल बांधा. चमकणारे बांधू नका. आणि तुम्हाला कधी हिरवी चिंधी मनगटाला बांधलेली, पेस्टीला मुरड घालणारी एक बाई दिसली, तर कृपा करून तिच्याजवळ बसा आणि तिची गाठ सोडा. हाताने सोडा. भिऊ नका, तुम्हाला काहीही होणार नाही. गाठ सोडवून काही होत नाही, हे तिला कुणीतरी दाखवले पाहिजे. मला ते सांगता येत नाही.

आज सकाळीही ती आरशासमोर उभी राहिली. तिने बाही वर केली, दंड उजेडात धरून उलटासुलटा करून बघितला. डाग नव्हता. मग तिने मला चाचपले. माझा एक धागाही सुटलेला नव्हता. आम्ही दोघी अगदी धडधाकट आहोत.