टाकीला अकरा फेऱ्या

गुरुवारी सकाळी नऊ वाजता हिवरखुट्याच्या पाण्याच्या टाकीखाली अडीचशे माणूस गोळा झालं होतं. टाकीत पाणी कधीच आलं नव्हतं, त्यामुळे गावाला तिचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होत होता. तिच्या सावलीत गादीवर दाबमुक्त महाराज बसले होते. समोर चौरंग आणि चौरंगावर हार घातलेलं बीपीचं यंत्र.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," महाराजांचा चेला माइकवरून पुकारायचा, की गर्दी हळहळायची. मग कपाळाला अंगारा लागायचा, वीस मिनिटं भजन चालायचं, दंडाला पुन्हा पट्टा बांधला जायचा. "एकशे चोवीस." टाळ्या. वाटूरहून, तीर्थपुरीहून गाड्या भरून लोक येत. एकाने तर म्हैस आणली होती. तिला पट्टा पुरला नाही म्हणून नुसताच अंगारा लावला. संध्याकाळी म्हशीने रोजच्याएवढंच दूध दिलं आणि गावाने तेही चमत्कारात धरलं.

गर्दीच्या मागे मालनबाई उभी होती. ती गावची आशा कार्यकर्ती. महाराजांशी तिचं काही वैर नव्हतं, म्हशीशीही नव्हतं. प्रश्न तिच्या नवऱ्याचा, धर्मराजचा होता. महिन्यापूर्वी याच टाकीखाली त्याचा दाब एकशे अठ्ठ्याहत्तरवरून एकशे चोवीसवर उतरला, आणि त्याच संध्याकाळी त्याने बीपीच्या गोळ्यांची पाकिटं मोसंबीच्या आळ्यात पुरून टाकली. "झाडाला तरी लागू पडतील," म्हणाला. आता रोज सकाळी त्याचं डोकं जड असे, आणि डावखुरा असूनही चहाचा कप तो उजव्या हाताने धरी, कारण डावा हात तो सारखा झटकत असे. त्याचा बाप याच वयात अर्धांगाने पडला होता. दोन वर्षं मालनबाईनेच त्याला चमच्याने भरवलं होतं.

"अवो, एकदा परत मोजून तरी घ्या," ती रोज म्हणायची.

"महाराज म्हणले, एकदा उतरलेला दाब परत मोजायचा न्हाई. देवावर शंका घेतल्यावानी व्हतं."

"मंग मी मोजते."

"कशानं? तुझ्या दवाखान्यातल्या मशीननं?"

टोमणा खरा होता. गावच्या उपकेंद्रावर 'आरोग्य मंदिर' अशी नवी पाटी लागली होती, रंग चांगला होता. आतलं यंत्र मात्र दीड वर्षापूर्वी बंद पडलं. ते दुरुस्तीला तालुक्याला पाठवलं, तर दोन महिन्यांनी पत्र आलं की यंत्राचा फोटो पाठवा. यंत्र त्यांच्याकडेच होतं, म्हणून मालनबाईने रिकाम्या टेबलाचा फोटो पाठवला. त्यावर अजून कोणाचं काही म्हणणं आलेलं नाही. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची दिवाळीपासून रिकामी, नर्सबाईंकडे चार गावं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन डॉक्टरांच्या जागी एकट्या डॉक्टर गंधाली. त्यांच्या रांगेत ताप घेऊन उभा राहिलेला माणूस नंबर येईपर्यंत बरा होऊन घरी जात असे.

महाराजांकडे तसं नव्हतं. ते नाव विचारत, जवळ बसवत, पोरीचं सासर कसं आहे ते ऐकून घेत. संन्यासाआधी ते राधेश्याम या नावाने वडीगोद्रीच्या हायवेवर मोबाईल दुरुस्त करत, त्यामुळे गिऱ्हाईक थांबवून कसं ठेवायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं.

मालनबाईने तीन गुरुवार नुसतं बघून काढले. तिसऱ्या गुरुवारी तिला तिच्या प्रशिक्षणाची वही आठवली. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, बोलणं बंद. महाराज यातलं सगळं करत होते, पण दुसऱ्यांदा मोजताना. पहिल्यांदा सगळं उलटं. आधी टाकीला अकरा फेऱ्या, त्याही झपझप, कारण "मंदगती भक्ती पोचत नाही." मग धापा टाकणाऱ्या भक्ताला उभंच ठेवायचं, हात खाली लोंबता, आणि पट्टा फुगत असताना मायेने एक प्रश्न विचारायचा. धर्मराजला विचारलं होतं, "बाळा, बांधाचं काय झालं?" धर्मराजचा चुलतभाऊ दर पेरणीला बांध वीतभर सरकवतो. हा प्रश्न विचारल्यावर दाब चढायला धर्मराजला आजारी असायचीही गरज नव्हती.

चौथ्या गुरुवारी मालनबाई हात जोडून थेट चौरंगापाशी गेली. "महाराज, यंत्र सिद्ध हाये ना?"

"बिलकुल, माय. हिमालयात एकवीस दिवस बर्फात पुरलेलं. ऊर्ध्वगामी स्पंदनं अधोगामी करणारं दुसरं यंत्र पृथ्वीवर नाही."

"मंग ते खोटं बोलणार न्हाई."

"कदापि नाही."

"मंग आज जरा उलट्या क्रमानं मोजू."

महाराजांनी डोळे मिटले. समाधी लागणार एवढ्यात सरपंच उषाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "मोजू द्या, महाराज. यंत्र तर तेच हाये."

उषाबाईंचा पुतण्या मिथुन पुढे आला. त्याला कसलाही आजार नव्हता, पोलीस भरतीची तयारी तेवढी होती. मालनबाईने त्याला टाकीच्या एका खांबाला टेकून बसवलं, हात उशीवर ठेवला आणि पाच मिनिटं गप्प केलं. एकशे सोळा. गर्दी नाराज झाली. मग मिथुनने टाकीला अकरा फेऱ्या मारल्या, भरतीची सवय असल्याने पळतच मारल्या. मालनबाईने त्याला तसंच उभं केलं, हात लोंबता सोडला, पट्टा बांधला आणि विचारलं, "यंदा किती मार्कांनी हुकली रे भरती?"

"एका," मिथुन दात खाऊन म्हणाला.

एकशे बासष्ट.

"अंगारा लावा, अंगारा," मागून ओरड झाली. महाराजांचा हात ताटाकडे गेला. मालनबाईने ताट उचलून उषाबाईंच्या मांडीवर ठेवलं. "अंगारा न्हाई, भजन न्हाई. नुसतं बसू द्या त्याला."

वीस मिनिटं गाव एका बसलेल्या पोराकडे बघत बसलं. मग पट्टा बांधला. एकशे अठरा.

"म्हंजे अंगाऱ्याशिवायच उतरलं?" म्हशीच्या मालकाने विचारलं.

"पळाला म्हणून चढलं व्हतं, बसला म्हणून उतरलं. हे तुमचंबी व्हतं अन् माझंबी व्हतं. त्याला महाराज लागत न्हाई."

"या बालकाचं पूर्वजन्मीचं पुण्य थोर आहे," महाराज सावरून म्हणाले.

"मागच्या जन्माचं मला माहीत न्हाई," उषाबाई म्हणाल्या. "या जन्मात त्यानं बारावी तीनदा दिलीय."

लोक हसले. मालनबाई हसली नाही. तिने टाकीच्या पलीकडच्या खांबाकडे पाहिलं. तिथे धर्मराज अर्ध्या तासापासून पाठ टेकून मुकाट बसला होता. "अवो, या आता."

तो आला. तिने त्याला बसवून हात उशीवर ठेवला आणि पट्टा बांधला. पट्टा फुगला आणि फुसफुसत सैल झाला. चेल्याने माइक तोंडाशी नेला, आकडा पाहिला आणि माइक खाली ठेवला.

एकशे ब्याऐंशी.

"हे बसून हाये," मालनबाई म्हणाली. "फेऱ्या न मारता, बांधाचं न विचारता. त्या दिवशी एकशे चोवीस आलं, कारण गोळी अजून अंगात व्हती. गोळी संपली अन् दाब चढला. फक्त कुणी मोजला न्हाई."

धर्मराज आकड्याकडे बघत राहिला. "हाताला मुंग्या येऊन राह्यल्यात," तो हळूच म्हणाला. "तू घाबरशील म्हणून बोललो न्हाई."

"मला दिसतं. चला."

मिथुनने मोटारसायकल काढली. धर्मराज मधे, मालनबाई मागे. आरोग्य केंद्रात रांगेने आकडा ऐकला आणि वाट दिली. डॉक्टर गंधालींनी हातपाय, चेहरा, बोलणं सगळं तपासलं. झटका आलेला नव्हता. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, जालन्याला तपासण्या करायची चिठ्ठी मिळाली. "अजून महिनाभर अंगाऱ्यावर काढला असता, तर मी काही सांगू शकले नसते," एवढंच त्या म्हणाल्या.

इकडे टाकीखाली उषाबाईंनी महाराजांनाच पट्टा बांधला. महाराज पूर्ण पद्मासनात बसले, वीस मिनिटं. एकशे सहासष्ट. पुन्हा मोजलं. एकशे अडुसष्ट. पोलीस पाटलाने नावपत्ता लिहून घेतला, पुरावा म्हणून यंत्र ताब्यात घेतलं. मालनबाई परत आली तेव्हा महाराज तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, गोळी कोणती घेतात हो?"

"ते डॉक्टर सांगतील. रांग मोठी हाये, जल्दी निघा."

त्याच आठवड्यात ग्रामसभा झाली. एरवी जिच्यात कोरम भरत नाही, तिच्यात बसायला जागा उरली नाही. पोलीस पाटील म्हणाला, महाराजांचं यंत्र उपकेंद्रातच ठेवू, कामाला येईल.

"नको," मालनबाई म्हणाली. "अहवालात 'यंत्र उपलब्ध' लिहावं लागंल, मंग सरकार दुसरं देणार न्हाई." ती उभीच राहिली. "महाराज आपल्या गावात एवढा का चालला, ते सांगते. त्यानं तुम्हाला बसवलं, नाव विचारलं अन् आकडा सांगितला. आपल्याला एवढंच पाहिजे व्हतं. हे सरकारनं द्यायचं असतं, त्यासाठीच निधी असतो. तो येत न्हाई तर विचारा. मशीन मागा, गोळ्या मागा, खुर्चीवर माणूस मागा. अन् कुणी काहीबी उतरवून दाखवलं, तर आधी ते चढलं कसं हे बघा. गोळी मात्र डॉक्टरला विचारल्याबिगर कुणी सोडू नका."

"अन् कागद पाठवूनबी न्हाई दिलं तर?" धर्मराजने विचारलं.

"तर येत्या गुरुवारी तालुक्याच्या ऑफिसला जायचं. टाकीखाली जेवढे येत व्हते तेवढे सगळे."

ठराव एकमताने मंजूर झाला. नऊच्या एसटीने जायचं की दहाच्या, एवढ्यावरच थोडा वाद झाला.