पाठीवरची रेघ

बाबांच्या पाठीवर पहिली रेघ मी सोमवारी सकाळी मारली. निळ्या पेनने, उजव्या बाजूला, अगदी खाली, शेवटच्या बरगड्यांजवळ. छातीत साठलेलं पाणी कुठवर आहे याची ती खूण. पाणी बाहेरून दिसत नाही, ते ऐकावं लागतं. माणसाला बसतं करायचं, डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांमध्ये सपाट ठेवायचं, त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकायचं आणि वरून खाली यायचं. हवा असेल तिथे पोकळ वाजतं, पाणी असेल तिथे बद्द. आवाज बदलला की तिथे रेघ.

मी या वॉर्डची सिस्टर. बावीस वर्षं छात्या ठोकतेय. घरच्या पेशंटला आपण हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे आणि इतरांना तो मीच ऐकवत असते. पण बाबांनी पहिल्याच दिवशी दुसऱ्या नर्सकडे पाठ करायला नकार दिला. हिचं बोट कच्चं आहे म्हणाले. बिचारी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

बोटाबद्दल बोलायचा त्यांना हक्क होता. बाबा फरशी बसवणारे मिस्त्री. मी शिकत होते तेव्हा हे ठोकणं मला काही केल्या जमेना, सगळ्या छात्या सारख्याच वाजायच्या. आमच्या बाई म्हणाल्या, तुझं काही खरं नाही. मी घरी येऊन रडले, तर बाबा सुट्टीच्या दिवशी मला कामावर घेऊन गेले. नुकत्याच झालेल्या एका बाथरूमात बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक फरशी ठोकायला सांगितली. खाली माल नीट भरला असेल तर भरीव वाजते, जागा राहिली असेल तर पोकळ. दुपारपर्यंत बोटं सुजली, पण संध्याकाळी मी डोळे मिटून सात पोकळ फरश्या शोधल्या. पुढच्या आठवड्यात बाईंनी विचारलं, इतके दिवस कुठे होतीस? मी म्हटलं, बाथरूममध्ये.

एक गोष्ट मात्र बाबांना कधीच पटली नाही. त्यांच्याकडे पोकळ वाजली की उखडायची आणि आमच्याकडे पोकळ वाजली की खूश व्हायचं. तुमचा धंदाच उलटा, म्हणायचे.

रविवारी त्यांच्या छातीतून तिसऱ्यांदा पाणी काढलं, दीड लिटर, लालसर. आजार फुप्फुसाच्या आवरणावर पसरला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आठवडाभर रेघ खालीच राहिली तर औषध लागू पडतंय असं धरू आणि घरी सोडू, म्हणाले. पुन्हा वर चढली, तर आराम देण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. आईबाबांना मी यातलं अर्धंच सांगितलं. रेघ खाली राहिली की घरी.

आईने लगेच त्या चार फरश्यांचा विषय काढला. शेकडो लोकांची घरं चकाचक करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या ओट्यामागच्या चार फरश्या गेली वीस वर्षं उद्यावर ढकलल्या आहेत. घरी आल्याबरोबर आधी त्या, असं तिने बजावलं. बाबा म्हणाले, "चार फरश्यांसाठी एवढी कटकट करणारी बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही." एका दमात अकरा शब्द. माणूस एका श्वासात किती शब्द बोलतो ही आमच्याकडची सगळ्यात साधी तपासणी आहे. मी मनातल्या मनात मोजले आणि मला फार बरं वाटलं.

मंगळवारी रेघ दोन बोटं वर गेली. सकाळी आई यायच्या आत माझं ठोकणं उरकलेलं असे. काय म्हणतेय फरशी, बाबांनी विचारलं. जागच्या जागी आहे, मी म्हटलं, आणि तक्त्यावर खरं ते लिहिलं. बुधवारी आणखी दोन बोटं. त्या दिवशी शर्ट बदलताना आईने तिन्ही रेघा पहिल्यांदा पाहिल्या आणि यातली आजची कुठली, असं विचारलं. तोंडावर खरं सांगते म्हणून अख्खा वॉर्ड मला वचकून असतो. ती मी, पटकन बोलून गेले, "खालची. वरच्या दोन जुन्या. उतरतंय."

गुरुवारी मी ड्यूटीवर आले तेव्हा आई लवकर येऊन बसली होती. तिने कोमट पाण्याने बाबांचं अंग स्वच्छ पुसलं होतं. पाठीवर एकच रेघ शिल्लक होती, सोमवारची. वरच्या दोन तिने घासून काढल्या होत्या. जुन्या कशाला ठेवायच्या, उगाच बघून जीव घाबरतो, म्हणाली. मावशीलाही फोन करून कळवून झालं होतं.

पेशंटच्या खुणांना कुणी हात लावला की मी नातेवाइकांना फाडून खाते. त्या दिवशी मी तिच्या हातातला ओला टॉवेल घेतला आणि वाळत घातला. तिला मीच तसं सांगितलं होतं.

बाबांना पुढे वाकवून बसवलं. बसतानाच त्यांना धाप लागली. मी वरून ठोकत आले, पण मुद्दाम हलक्या हाताने, जेमतेम आवाज येईल असं. आई समोर उभी राहून आशेने माझ्याकडे बघत होती.

"नीट ठोक," बाबा म्हणाले. मग थांबून, "अशी फरशी... मी पास केली नसती."

मी नीट ठोकलं. पोकळ, पोकळ, आणि मग खांद्याच्या पात्याच्या टोकाशीच बद्द. तिथून खाली सगळं बद्द. स्टेथोस्कोप लावला, तर खाली श्वासाचा आवाजच नव्हता. बाबांनी मान किंचित वळवली, कामावर एखादी फरशी वाजवून बघताना वळवत तशी. ज्याने मला हा आवाज ऐकायला शिकवला त्याच्यापासूनच मी तो लपवायला निघाले होते. मला माझीच कीव आली.

"किती गं?" आईने विचारलं.

माझ्याआधी बाबाच बोलले. "उतरलंय. अजून एक बोट."

आई हसली आणि बाटली भरून आणते म्हणत बाहेर गेली. मावशीला परत फोन करणार हे उघड होतं.

मी पलंगाचं डोकं उंच केलं, ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना कळवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. माझ्या हातात होतं ते सगळं एवढंच होतं. मग मी नुसती उभी राहिले.

"त्या चार फरश्या," बाबा म्हणाले. दम घेतला. "दुसऱ्याकडून बसवून घे." परत थांबले. "मग ठोकून बघ."

"आणि पोकळ वाजली तर?" मला दुसरं काही विचारताच येईना.

"उखड. परत लाव."

तीन-तीन शब्द. मला मोजायचे नव्हते, पण मोजले गेले.

तक्त्यावर मी पात्याच्या टोकापर्यंत असं लिहिलं आणि वेळ घातली. मग पेन घेऊन बाबांच्या मागे गेले. बावीस वर्षांत मी खोटी रेघ मारली नव्हती. सोमवारच्या रेघेच्या एक बोट खाली मी नवी रेघ मारली. पेन कुठे टेकलं ते बाबांना कळलंच असणार. त्यांनी पाठ हलू दिली नाही.

आई परत आली. तिने दोन रेघांच्या मध्ये आपलं बोट आडवं ठेवून पाहिलं. बरोबर बसलं. रविवारी घरी जाऊ, ती त्यांना म्हणाली, आणि वरची रेघ पुसायला टॉवेल ओला करू लागली.