शिंप्याचा तळपाय

लोकांच्या घामावर पोट भरणारी ही बाई. लोक तिच्या खोलीत येऊन नवनवीन ॲप वापरून बघत आणि ही त्यांच्या बोटांना सेन्सर चिकटवी. माणूस मनातून गडबडला की कातडीला बारीकसा घाम सुटतो, त्याची रेघ स्क्रीनवर चढताना बघत बसायची, हीच तिची नोकरी. तोंडानं सगळेच 'सोपं आहे' म्हणतात. तोंडाचं काय घेऊन बसलात?

आज मात्र खुर्चीत तिचे स्वतःचे वडील होते. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून आता दुसऱ्या गावी एकटेच राहणारे. त्यांच्यासाठीच तिनं ऑफिसात भांडून मोठ्या बटणांचं व्हिडिओ कॉलचं ॲप करून घेतलं होतं. त्यावरून वडिलांनी सुरुवातीला दोनदा फोन केला आणि मग तीन महिने एकदाही नाही. तिनं केला तर बोलायचे, पण आपणहून करायचं नाव नाही. विचारलं की म्हणायचे, "अगं, सोपं आहे." घोडं कुठं अडतंय ते आज शोधायचंच, असं ठरवून तिनं त्यांना आणलं होतं.

"बाबा, मला फोन लावा."

त्यांनी लावला. रेघ आडवीच. शेजारचा प्रोग्रॅमर खूश झाला. "तुमचे बाबा एकदम निवांत. ॲपमध्ये काही खोट नाही."

लेकीला ते पटेना. तिनं वडिलांचं बोट दाबून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सुई टोचून टोचून बोटांना असे घट्टे पडले होते, की घामाला बाहेर यायला वाटच नव्हती. हीच बोटं धरून ती चालायला शिकली होती, आणि तिच्याच लक्षात आलं नाही.

"बाबा, मोजा काढा. तळपायाला लावते."

"फाटकाय गं तो," वडील हळूच म्हणाले. जन्मभर गावाचे कपडे शिवले, पण स्वतःच्या मोज्याला टाका घालायला त्यांना सवड झाली नव्हती.

ॲप उघडलं, रेघ गप्प. नावांची यादी आली, तरी गप्प. लेकीच्या फोटोवर बोट गेलं मात्र, रेघ पार वरच्या टोकाला. प्रोग्रॅमर वाकून बटणाचा रंग निरखू लागला.

"बाबा, इथं काय कळत नाही?"

"सगळं कळतं."

"मग घाबरता कशाला?"

वडील मोजा चाचपत राहिले. "तू फोन उचललास की आधी विचारतेस, 'काय झालं?' मला तर काहीच झालेलं नसतं. नुसतंच बोलायचं असतं. मग वाटतं, उगीच केला."

लेकीला फार वाईट वाटलं.

"मग बटण बदलायचं का?" प्रोग्रॅमरनं विचारलं.

"बटण ठीक आहे," ती म्हणाली. "बाबा, परत एकदा लावा."

तिच्या हातातला फोन वाजला. तिनं उचलला, आणि 'काय झालं?' सोडून दुसरं काय म्हणायचं ते तिला सुचेना. समोर वडील दोन्ही हातांत फोन धरून वाट बघत होते.