रिकाम्या पोटातलं गाणं

मित्रांनो, घाबरू नका, पण माझ्या पोटात एक बाई गाते. मी पोशेरा गावातला जुना डीव्हीडी प्लेअर. अंगाला गंज, बटणं दोनच शाबूत, पण ताठा अजून गेलेला नाही. माझ्या घरातल्या गोदाबाई धवलेरी होत्या. आमच्याकडे लग्न भटजी नाही, धवलेरी बाई लावते, लग्नाची गाणी गाऊन. तिचं गाणं मध्येच तुटलं तर लग्न अपुरं राहतं, असं जुनी माणसं सांगतात. गोदाबाईंच्या गाण्याची एकच डिस्क होती. ती मी लावली की अख्खी वाडी माझ्यापुढे मांडी घालून बसायची. काय थाट होता तेव्हा माझा.

तीन वर्षांपूर्वी गोदाबाई गेल्या. मग माझा ट्रे अडकला, चित्र गेलं, आवाज तेवढा उरला. शेवटच्या कडव्यात गाणं एका ओळीवर तीनदा अडखळायचं आणि पुढे जायचं. त्यांची लेक पुष्पा रोज दुपारी मला लावून शिकायची. रविवारी शेजारच्या करिष्माचं लग्न तिला लावायचं होतं. तिचं हे पहिलंच.

तिचा नवरा नितीन, पंचायत समितीतला कारकून, सारखा कुरकुरायचा. "टाक ते डबडं. नवीन आणू."

"आईची डिस्क आत अडकलीय. ती निघाली तर आण."

शेवटी बाजाराच्या दिवशी जीपमध्ये मला मांडीवर घेऊन ती मोखाड्याला दिपेशच्या दुकानात गेली. नितीन होता, आणि तिचा म्हातारा बाप फागूही.

दिपेशने स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत वाकून बघितलं. "ताई, यात डिस्क नाही."

"कालच तर वाजली."

"लेन्सवर कोळ्याचं जाळं आहे. हे कैक दिवस फिरलेलंच नाही."

फागू खाली बघत म्हणाला, "ती तं मी तिच्यासंगं मसणात ठेवली. लुगडं, माळ, आवडीचं समदं द्यावं लागतं ना. तुला बोललो नाय."

खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो. आत कुणीतरी आहे, एवढंच मला इतके दिवस कळत होतं.

"हे घरात नको," नितीन म्हणाला. पुष्पाने झाकण स्वतःच्या हाताने दाबून बसवलं. "दुरुस्ती नको, नवीनही नको. मला अजून शेवटचं कडवं येत नाही."

रविवारी आमच्या आणि करिष्माच्या घरांमधल्या अंगणात मांडव पडला. मी आमच्या पडवीतल्या फळीवर, वायर काढून गुंडाळलेली. पुष्पा छान गात होती. शेवटच्या कडव्यात ती नेमकी त्या ओळीवर आली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. पुढचं काही केल्या आठवेना. करिष्माची आई उठून उभी राहिली.

पुष्पाचे ओठ मिटलेले होते, आणि पुढची ओळ माझ्या पोटातून आली. सावकाश, खणखणीत, शेवटपर्यंत. फागूने फळीकडे बघून डोक्यावरची टोपी काढली.

आता नितीन मला डबडं म्हणत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं जुनं काही असेल, तर दुरुस्त करायचं की फेकायचं, हे ठरवण्याआधी त्याला एकदा कान लावा. आत कुणी गात असेल, तर निदान गाणं पुरं होऊ द्या.